लॅम्डा सेन्सर

१७. एमएच-२५ (धाराशिव) पाटीच्या गाडीत तुळजापूरच्या घाटात डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागल्याचा उल्लेख वर आला आहे. तो दिवा अनेकदा लॅम्डा सेन्सरच्या सांगण्यावरून लागतो. एक्झॉस्टच्या नळीत बसून तो धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. बॉशचा हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत प्रथम आला. एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की साध्या सेन्सरचा व्होल्टेज ०.९ कडे चढतो, जास्त झाली की ०.१ कडे उतरतो. त्यानुसार ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन कमी-जास्त करतो. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससारख्या टर्बो गाड्यांत हे प्रमाण बारकाईने सांभाळावे लागते. दुसरा सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतर असतो आणि कन्व्हर्टर काम करतो की नाही, ते पाहतो. म्हणूनच ताकद वाढवण्यासाठी कन्व्हर्टर काढून टाकणाऱ्या हौशी मंडळींची चोरी डॅशबोर्डवरच पकडली जाते. धाराशिव असो वा पुणे, पीयूसीचा नियम एकच : बीएस-४ व त्यापुढच्या पेट्रोल चारचाकीचा लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष आणि आदर्श हवेचे गुणोत्तर, ०.९७ ते १.०३ या किंवा उत्पादकाने जाहीर केलेल्या मर्यादेत हवा. — संपा.