मिरजेची तंतुवाद्ये : नाद आणि कारागीर

हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात गायक-वादकांची घराणी नोंदली गेली. वाद्ये घडविणाऱ्यांची परंपरा मात्र उपेक्षित राहिली. मिरज हे तिचे ठळक उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील शिकलगार समाजातील फरीदसाहेब शस्त्रांच्या कामाकडून तंतुवाद्यनिर्मितीकडे वळले. पुढे मिरजेत वास्तव्य केलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) वाद्यदुरुस्तीचेही जाणकार होते.

एकाच जातीचे लाकूड व पंढरपूर परिसरातील भोपळे वापरूनही दोन कारागिरांचे तंबोरे सारखे वाजत नाहीत. याचे प्रमुख कारण म्हणजे जवारी. घोडीच्या पृष्ठभागास दिलेल्या सूक्ष्म उतारामुळे तार तिला हलकेच स्पर्श करते व उपस्वर उमटतात. खुल्या जवारीचा नाद तेजस्वी, तर बंद जवारीचा गोलसर असतो. कोलकात्याच्या नोदू मलिक यांची रविशंकरांकडील व हिरेन रॉय यांची विलायत खाँकडील सतार यांतही हा भेद जाणवतो.

परंतु तारेच्या घर्षणाने जवारी झिजते. ती पुनःपुन्हा काढावी लागते. म्हणून जतन केलेला जुना तंबोरा निर्मात्याचा मूळ नाद ऐकवेलच असे नाही. तो नाद टिकतो कारागिरांच्या पिढ्यांच्या हातांत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. स्थळास मिळालेल्या या मान्यतेबरोबरच कारागिरांची नावे व त्यांचे कौशल्य यांची नोंद होणे अगत्याचे आहे.