तळटीप ३ : लेड प्लग

३. लेड प्लग : लेखकाने याचा ओझरताच उल्लेख केला आहे, पण माझ्या मते दुरुस्तीच्या या सगळ्या यादीत तोच सर्वांत मोलाचा. फायरबॉक्सच्या छतात बसवलेला हा आटेदार धातूचा बूच, मधोमध शिसे. बॉयलरमधले पाणी छताखाली उतरले की शिसे वितळते, वाफ आगीवर सुटते आणि फायरमन सावध होतो. मात्र पाण्याच्या बाजूने क्षाराची टणक खपली धरली, तर शिसे वितळूनही वाफेची वाट अडू शकते. म्हणून बॉयलर धुताना प्लग तपासायचा, मुदत भरताच बदलायचा. दार्जिलिंगच्या ‘बी’ वर्गाच्या इंजिनांसारख्या (पहिले १८८९, शार्प, स्टुअर्ट कंपनी) घाटातल्या इंजिनांना तर याची विशेष गरज : धुराडे उताराकडे असले की पाणी पुढे सरकते आणि छत उघडे पडू शकते. — संपादक