वऱ्हाडचा कापूस आणि पेवांतली ज्वारी

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. ती कुऱ्हाड कोणावर चालली, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

१८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, तेव्हां अमरावतीचा कापूस बैलांच्या तांड्यांवरून शेंकडों मैल दूर मिर्झापुरास जात असे. इतक्या लांबच्या वाटेनें ज्वारी धाडणें कोणाला परवडणार? ती गांवांतल्या पेवांतच राही. चांगल्या सालचें धान्य वाईट सालीं बाहेर निघे, आणि कडब्यावर गुरें तगत.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकदम मोल आलें. १८६५ त युद्ध संपतांच भाव कोसळले. कापूस मात्र वऱ्हाडांत ठाण मांडून बसला. १८६७ त आगगाडी अकोला, बडनेरा या मार्गानें नागपुरास पोंचली. १८७० त लॉर्ड मेयो यांनीं खामगांवची शाखा खुली केली. खामगांव त्या काळीं अकोला जिल्ह्यांत मोडे. तेथल्या बाजाराचा भाव आतां लिव्हरपूलच्या तारेवर हालूं लागला.

परंतु ज्या डब्यांतून कापूस गेला, त्याच डब्यांतून धान्यहि जाऊं लागलें. जेथें भाव चढा तेथें ज्वारी निघाली; पेवांत पुरण्यापेक्षां ती विकणें फायद्याचें ठरलें. हातीं रोकड आली खरी, पण सरकारचा सारा आणि सावकाराचें व्याज भागवून उरेल तेवढीच. बाजारांतील मापांची फसवणूक थांबावी म्हणून कारंज्यास १८८६ त नियंत्रित बाजार झाला, आणि १८९७ त वऱ्हाडसाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदाहि झाला. त्यानें वजनें आणि अडत्ये यांकडे पाहिलें. पेवांकडे पाहणारें कोणी नव्हतें.

१८९९ सालीं पावसानें दगा दिला. कापूस नाहीं, ज्वारी नाहीं, म्हणून निंदणी-वेचणीची मजुरीहि नाहीं. आगगाडीनें बाहेरचें धान्य आणलें. पण बाजारांत धान्य असून मजुराच्या गांठीं पैसा नव्हता. कडब्यावांचून गुरें मेलीं. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारें २८ लाख ९७ हजार होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ व त्यांच्या मागोमाग आलेले रोग यांनंतर, १९०१ सालीं, ती सुमारें २७ लाख ५४ हजार भरली.