मोडीत निघालेल्या गाड्या

पितळेचा हंडा चेपला, डाग देऊनही गळायला लागला, की तो मोडीत जायचा. मोडवाला तो काट्याला लावायचा, भाव सांगायचा आणि तेवढ्यात हंड्याचा हंडेपणा संपायचा. उरायचे ते फक्त पितळेचे वजन. मोटारगाडीचेही तसेच होते. पण मोडीत निघूनही न मेलेल्या काही गाड्या आहेत, आणि त्यांना पुन्हा चालते करणारी काही हौशी माणसे आहेत. त्या माणसांचा हा इतिहास. तो लिहिण्याचे निमित्त मात्र अगदी घरचे घडले.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मराठी माध्यमातून दहावी, मग आयटीआय, आणि आता बेळगावच्या उद्यमबागेत मोटारी रिवाइंडिंगचे लहानसे दुकान. त्याने बंगळूरच्या एका भंगारवाल्याकडून विजेवर चालणारी जुनी 'रेवा' गाडी जवळजवळ वजनाच्या भावाने आणली होती. पूर्वीच्या मालकाने ती चार-पाच वर्षे एका जागी उभी ठेवलेली. बॅटऱ्या बसलेल्या, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. इंग्लंडमधील एका निवृत्त गृहस्थाशी याची मोबाइलवरून ओळख झाली होती. त्यांच्याकडेही तीच गाडी. त्यांनी चार पाने मजकूर आणि हाताने काढलेल्या दोन आकृत्या पाठवल्या होत्या. तो कागद पुढे करून हा म्हणाला, "सर, आकृती मला कळतेय. हे एवढं इंग्रजी वाचून सांगा की."

मी इतिहासाचा शिक्षक. मला बॅटरीतले ओ का ठो कळत नव्हते. पण एक प्रश्न मनात घर करून राहिला. बंगळूरला बनलेल्या गाडीची दुरुस्ती बेळगावच्या कारागिराला इंग्लंडच्या पेन्शनरकडून का शिकावी लागावी? ते शोधू लागलो आणि पार शंभर-सव्वाशे वर्षे मागे गेलो.

विजेची गाडी ही नवलाई नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या मोठ्या शहरांत पेट्रोल, वाफ आणि वीज अशा तिन्ही प्रकारच्या गाड्या शेजारी शेजारी धावत. विजेची गाडी शांत, धूर नाही, आणि हँडल मारण्याची यातायात नाही. पुढे १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि पेट्रोलच्या गाडीची मोठी अडचण दूर झाली. म्हणजे विजेच्या गाडीला मागे सारले ते विजेनेच! फोर्डची स्वस्त गाडी आणि मुबलक पेट्रोल यांनी उरलेले काम केले. 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही नामांकित कंपनी १९३९ पर्यंत कशीबशी तग धरून होती. नंतर तीही गेली.

कारखाने बंद पडले, पण विद्या बंद पडली नाही. १९६७ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे वॉल्टर लास्की यांनी 'इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन' ही हौशी लोकांची संस्था काढली. ही मंडळी जुन्या गाडीचे इंजिन काढून तेथे विमानाच्या भंगारातले जनरेटर मोटार म्हणून बसवत, खाली शिशाच्या बॅटऱ्या मांडत, आणि आपले अनुभव एकमेकांना कळवत. कोणाची तार जळाली, कोणाची बॅटरी फुगली, हे सारे उघडपणे सांगितले जाई. १९७३ च्या तेलसंकटाने अशा उद्योगांना आणखी माणसे मिळाली. पुढे जे घडले त्याची ही पूर्वपीठिका.

१९८७ साली ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड अशी सुमारे ३००० किलोमीटरची सौरगाड्यांची शर्यत झाली. ती 'जनरल मोटर्स'च्या 'सनरेसर' गाडीने जिंकली. पॉल मॅक्रेडी आणि ॲलन कोकोनी ही तिच्यामागची दोन मोठी नावे. त्याच मंडळींच्या हातून विजेच्या गाडीचा नमुना तयार झाला आणि जानेवारी १९९० मध्ये तो लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात मांडला गेला. धुराने गांजलेल्या कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने त्याच वर्षी नियम केला, की मोठ्या कंपन्यांच्या त्या राज्यात विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी १९९८ पर्यंत २ टक्के आणि २००३ पर्यंत १० टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असाव्यात.

या नमुन्यातून 'ईव्ही-१' जन्माला आली. डिसेंबर १९९६ मध्ये ती कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना राज्यांत ग्राहकांना मिळू लागली. पहिल्या गाड्यांत शिशाच्या बॅटऱ्या होत्या. १९९९ च्या सुधारित गाडीत निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आली आणि एका चार्जिंगमध्ये १६० किलोमीटरहून अधिक पल्ला मिळू लागला. एकूण १११७ गाड्या बनल्या. पण ग्यानबाची मेख अशी, की यांतली एकही गाडी विकली गेली नाही. सगळ्या भाड्याने दिल्या होत्या. वापरणारा वापरी, मालकी कंपनीची. गाडीचे पोट उघडण्याचा अधिकारही अर्थात कंपनीचाच.

२००३ मध्ये हवा मंडळाने नियम सैल केला. कंपनीने योजना गुंडाळली आणि मुदत संपताच गाड्या परत घेतल्या. वापरणाऱ्यांनी विनवण्या केल्या. २००५ साली बरबँक गावात कंपनीच्या आवाराबाहेर त्यांनी कित्येक दिवस पहारा दिला. उरलेल्या ७८ गाड्यांसाठी १९ लाख डॉलर देऊ केले. कंपनी बधली नाही. बहुतेक गाड्या यंत्राखाली चिरडण्यात आल्या. सुमारे चाळीस गाड्या संग्रहालये आणि विद्यापीठांना मिळाल्या, त्याही बहुतेक आतून निकामी करून आणि रस्त्यावर आणणार नाही अशी कबुली घेऊन.

कंपनीने कारण काय दिले, ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे. सुटे भाग पुरवणे यापुढे शक्य नाही, आणि भागांवाचून गाड्या सुरक्षित ठेवता येणार नाहीत, असे ते कारण होते. थोडक्यात, दुरुस्ती होणार नाही, सबब गाडी नको. हे कारण अगदीच पोकळ होते असे मी म्हणणार नाही. पण दुरुस्ती होईल की नाही हे ठरवण्याची संधी दुसऱ्या कोणालाही मिळाली नाही, हेही तितकेच खरे.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच राज्यात घडले. 'टोयोटा'ने आपल्या 'राव-४' या गाडीची विजेवरची आवृत्ती २००२ साली थोडे दिवस का होईना, विकायला काढली आणि तीनशेंहून काही अधिक गाड्या सामान्य माणसांच्या मालकीच्या झाल्या. या गाड्या वर्षानुवर्षे धावल्या. तेथील एका वीज कंपनीने चाचणीसाठी घेतलेल्या काही गाड्यांनी एक लाख मैलांचा टप्पा ओलांडला. तोच काळ, तशीच बॅटरी. भेद होता तो मालकीचा.

यानंतर हौशी मंडळी आणखी धीट झाली. २००४ साली फेलिक्स क्रेमर आणि रॉन ग्रेम्बन यांनी सोबत्यांच्या साहाय्याने 'प्रियस' ही गाडी घरच्या गॅरेजमध्ये उघडली आणि जादा बॅटऱ्या बसवून ती घरच्या प्लगवर चार्ज होईल अशी केली. कंपन्या करत नव्हत्या ते गॅरेजमध्ये झाले. तिकडे कोकोनी यांच्या छोट्या कंपनीने 'टी-झीरो' नावाच्या गाडीत २००३ साली लॅपटॉपमध्ये असतात तसले ६८०० लिथियम सेल बसवले. 'टेस्ला'च्या संस्थापकांना प्रेरणा मिळाली ती या गाडीवरून.

आता आपल्या 'रेवा'कडे येऊ. सनरेसरच्या विजयानंतर १९९० साली जनरल मोटर्सने अमेरिकेतील विद्यापीठांसाठी सौरगाड्यांची शर्यत भरवली. ती मिशिगन विद्यापीठाने जिंकली. त्या चमूत बंगळूरचा एक विद्यार्थी होता, चेतन मैनी. १९९४ साली मैनी समूह आणि कॅलिफोर्नियाची 'अमेरिगॉन' यांनी मिळून कंपनी स्थापन केली आणि २००१ मध्ये बंगळूरच्या रस्त्यावर रेवा आली. म्हणजे चिरडली गेलेली ईव्ही-१ आणि आमच्या उद्यमबागेतली रेवा या एकाच मुळाच्या दोन फांद्या म्हणायच्या! रेवा आपल्याकडे फारशी खपली नाही. परंतु लंडनमध्ये २००३ पासून शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यावर कर लागला, विजेच्या गाड्यांना तो माफ होता, आणि 'जी-विझ' या नावाने तीच गाडी तेथे लोकप्रिय झाली. २०१० मध्ये 'महिंद्र'ने कंपनी घेतली, पुढे नवे मॉडेल आले, जुने बंद पडले. तेव्हा इंग्लंडमधील मालकांनी एकत्र येऊन गाडीची नसन् नस लिहून काढली. माझ्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. गाडी आपण बनवली, पण तिचे दुरुस्तीचे दप्तर सांभाळले ते त्यांनी.

या चार पानांत होते तरी काय? अगदी साधे तर्कशास्त्र. रेवात सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या साखळीसारख्या जोडलेल्या असतात. एकूण ४८ व्होल्ट. साखळीचा जोर तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढा. एक बॅटरी बसली की सात चांगल्या असूनही गाडी मेल्यासारखी वाटते. म्हणून आधी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची, तीही भार देऊन. कारण भार नसताना मेलेली बॅटरीसुद्धा व्होल्ट दाखवते. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की पत्र्यांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि ती पुन्हा उठत नाही. त्यानंतर जोडण्या घासून पाहायच्या, मग वायरी, आणि सर्वांत शेवटी कंट्रोलर. लिथियमच्या गाड्यांतही तत्त्व हेच. 'निसान लीफ'च्या पहिल्या बॅटरीत १९२ सेल असून ते ४८ खणांत बसवलेले आहेत. दोन-चार सेल कच्चे निघाले, तर सगळी बॅटरी फेकायची की तेवढे खण बदलायचे, हा विम्याच्या आणि मालकाच्या हिशेबातला फरक आहे. अपघातात विमा कंपनीने मोडीत काढलेल्या गाड्या हौशी लोक घेतात ते यासाठीच.

पण हौसेला मोल असते, आणि ते कधी जिवाचेही असू शकते. लिथियमच्या गाडीत ३०० ते ४०० व्होल्ट असतात. तेथे रबरी हातमोजे आणि शिकलेला हात यांवाचून जाणे नाही. खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी तर दावा धरणाऱ्या माणसासारखी. २०१२ च्या 'सँडी' वादळात न्यूअर्क बंदरावर उभ्या असलेल्या सोळा 'फिस्कर' गाड्या पाण्याखाली गेल्या आणि जळाल्या. २०२२ च्या 'इयन' वादळानंतर फ्लोरिडातही पुरातल्या गाड्यांनी पेट घेतला. ४८ व्होल्टच्या रेवात झटक्याचे भय कमी, पण दोन टोकांवर पाना पडला तर तो क्षणात लाल होतो. त्या इंग्रज गृहस्थांनी पहिल्याच ओळीत लिहिले होते, की हातातली अंगठी आणि घड्याळ काढा. ते मी विद्यार्थ्याला दोनदा वाचून दाखवले.

दुरुस्तीचा हक्क आता कायद्याच्या भाषेत बोलला जाऊ लागला आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये, आणि गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीसाठी पुन्हा २०२० मध्ये, असा कौल दिला की कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती मालकांना आणि बाहेरच्या कारागिरांनाही द्यावी. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. ही सुरुवात चांगली आहे. मात्र कायद्याने दप्तर उघडले तरी ते वाचता आले पाहिजे. आपल्याकडे वाड्यावाड्यांतून मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत. त्यांना कुलूप नाही, पण मोडी वाचणारे मोजके. घरात कागद आहे आणि घरच्याला तो कळत नाही, याचे दुःख आपल्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

२०२५ साली अमेरिकेत अटलांटा शहरात बेवारस पडलेली एक ईव्ही-१ लिलावात निघाली आणि एक लाखाहून अधिक डॉलरना विकली गेली. हौशी मंडळी तिला पुन्हा चालती करण्याच्या मागे लागली आहेत. सुटे भाग नाहीत म्हणून चिरडलेल्या गाड्यांपैकी वाचलेली ही बहीण. तिच्यासाठी आता भाग शोधले जात आहेत.

आमची रेवा गेल्या पावसाळ्याआधी चालू झाली. आठांपैकी पाच बॅटऱ्या बदलल्या, वायरी नव्या ओढल्या. जुन्या नोंदणीचा घोळ सुटेपर्यंत ती कारखान्याच्या आवारातच फिरते. मला एक फेरी मारून आणले; बैलगाडीहून थोडी वेगात आणि बैलांहून पुष्कळ शांत.

महिनाभराने तो पुन्हा आला, तो वही घेऊन. निपाणीच्या एकाने तशीच गाडी घेतली होती आणि त्याला मजकूर मराठीत हवा होता. म्हणून याने आपले सगळे काम पहिल्यापासून लिहून काढले होते, चुकांसकट. पहिली ओळ होती, "अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा." मी लाल पेन घेऊन बसलो, ऱ्हस्वदीर्घ तेवढे सुधारले, आणि वही परत दिली.