मार्गिका-शिष्टाचार

सार्वजनिक जलतरण तलावात दोऱ्यांनी आखलेल्या एकाच मार्गिकेत, म्हणजे लेनमध्ये, दोन किंवा अधिक जण पोहत असताना पाळायचे संकेत. यांतले थोडे पाटीवर लिहिलेले असतात, बरेचसे तोंडी चालतात. स्पर्धेत प्रत्येकाला स्वतंत्र मार्गिका मिळते, म्हणून तिथे त्यांची गरज नसते. रोजच्या बॅचमध्ये मात्र एका मार्गिकेत चार-पाच जण असणे नेहमीचेच.

सगळ्या संकेतांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. फ्रीस्टाइल पोहणाऱ्याची नजर तळावरच्या काळ्या पट्ट्यावर असते, कान पाण्याखाली असतात आणि तोंड उघडते ते श्वासापुरते. रस्त्यावर हाक मारता येते, हॉर्न वाजवता येतो, नजरेने विचारता येते. पाण्यात यातले काहीच चालत नाही. बोलायची जागा एकच, ती म्हणजे भिंत. त्यामुळे मार्गिकेतला जवळजवळ प्रत्येक नियम हा भिंतीपाशी आधीच झालेला करार असतो.

जागा : ऑलिंपिक मापाचा तलाव ५० मी. लांब असतो आणि त्याची प्रत्येक मार्गिका २.५ मी. रुंद. म्हणजे समोरासमोर येणाऱ्या दोघांच्या वाट्याला सव्वा-सव्वा मीटर येतो. फ्रीस्टाइलला तो पुरतो. बटरफ्लायला पुरत नाही, कारण त्यात दोन्ही हात एकदम पसरतात आणि प्रौढ माणसाचे पसरलेले हात सव्वा मीटरच्या बाहेर जातात. म्हणून गर्दीत बटरफ्लाय करणारा समोरून कोणी येताच एका हाताने पोहतो किंवा तेवढ्यापुरता फ्रीस्टाइलवर येतो. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ दोन्ही बाजूंना फाकते, तिचे भान पोहणाऱ्यानेच ठेवायचे असते. पाठीवर पोहणाऱ्याला पुढचे काहीच दिसत नाही. भिंतीपासून ५ मी. अंतरावर वर टांगलेल्या पताका दिसल्या की तो हात मोजत भिंत गाठतो. त्याला सांभाळून घेणे इतरांकडे येते.

दोघे आणि तिसरा : मार्गिकेत दोघेच असतील, तर ती मधोमध वाटून घेतात, एकाने जाता-येता डाव्या दोरीलगत राहायचे, दुसऱ्याने उजव्या. तिसरा आला की ही वाटणी मोडते आणि चक्राकार पोहणे सुरू होते : जाताना एका बाजूने, येताना दुसऱ्या. सगळ्यात मोठा धोका या बदलाच्या क्षणी असतो. तिसरा न सांगता उतरला, तर आधीचे दोघे जुन्याच वाटणीने पोहत राहतात आणि डोक्यावर डोके आदळते. म्हणून नव्याने येणाऱ्याने काठावर पाय सोडून बसावे, दोघेही भिंतीला येईपर्यंत थांबावे, ‘आता गोल फिरूया का?’ असे विचारावे आणि दोघांकडून होकार मिळाल्यावरच पाण्यात उतरावे. एकालाच विचारून उतरणे हे न विचारण्याइतकेच घातक आहे. सूर मारून उतरणे तर वर्ज्यच.

महाराष्ट्रातल्या कित्येकांचे पोहणे विहिरीत सुरू झाले, पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचे बिंडे बांधून. तिथे आडवे-तिडवे पोहणे स्वाभाविक असते, पण उडी घेण्याआधी खाली पाहायची आणि ओरडून सांगायची शिस्त पक्की असते. तलावातला तिसऱ्याचा नियम त्याच शिस्तीचा सख्खा भाऊ आहे.

दिशा : अमेरिकेत उजवी बाजू धरतात, ऑस्ट्रेलियात डावी, दोन्हीकडे ही रस्त्याचीच सवय. ब्रिटनमधल्या बऱ्याच तलावांत मार्गिकेच्या तोंडाशी वेग आणि दिशा सांगणारी पाटी असते. एक मार्गिका घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, शेजारची उलट. ही योजना फार विचारपूर्वक केलेली आहे. तिच्यामुळे दोरीच्या दोन्ही अंगांचे पोहणारे एकाच दिशेने जातात आणि दोरीवरून हात हाताला लागला तरी समोरासमोरचा फटका बसत नाही. भारतात वाहने डावीकडून चालतात म्हणून तलावातही तेच असेल असे धरून चालू नये. पाटी नसेल, तर आत पोहणाऱ्यांची एक फेरी पाहावी किंवा जीवरक्षकाला विचारावे.

वेग आणि ओलांडणे : ‘जलद’ आणि ‘संथ’ हे शब्द त्या वेळी मार्गिकेत असलेल्यांच्या तुलनेतच खरे असतात. सकाळी संथ मार्गिकेत शोभणारा दुपारच्या रिकाम्या बॅचमध्ये जलद ठरतो. पुढचा निघाल्यावर किमान पाच, शक्यतो दहा सेकंदांनी मागच्याने निघावे. पुढच्याच्या पायांशी चिकटून पोहणाऱ्याला पाण्याचा विरोध कमी लागतो, त्यामुळे आपण फार वेगात आहोत असा त्याचा समज होतो. ओलांडायची वेळ आली की ती ताकद आपली नसून पुढच्याची होती हे कित्येकांना तिथेच कळते.

ओलांडण्याची खूण म्हणजे तळपायाला एकदाच हलकेच बोट लावणे. खूण मिळालेल्याने मध्येच थांबायचे नसते. भिंतीपर्यंत जाऊन कोपऱ्यात सरकायचे आणि मागच्याला आधी जाऊ द्यायचे. मधूनच ओलांडणारा समोरून येणाऱ्याच्या बाजूत शिरतो, म्हणून ते टाळावे. आपल्याकडे अनोळखी माणसाच्या, विशेषतः स्त्रीच्या, पायाला हात लावणे अवघड वाटते. अशा वेळी भिंतीपाशी ‘मी पुढे जाऊ का?’ एवढे विचारणे उत्तम. सावकाश पोहणाऱ्याला मार्गिकेवर पूर्ण हक्क आहे. त्याने फक्त भिंतीला दहा सेकंद द्यायचे असतात. ते देणाऱ्यावर चिडणारा आणि ते न देणारा, दोघेही सारखेच चुकतात.

भिंत आणि दोरी : विसावा कोपऱ्यात घ्यावा. मधली जागा वळणाऱ्यांची, कारण फ्लिप टर्न घेणाऱ्याला भिंतीपाशी उभा असलेला माणूस शेवटच्या क्षणीच दिसतो. गप्पा मारणारे चौघे भिंतीलगत ओळीने उभे राहिले, तर मार्गिका बंद पडल्यासारखीच होते. दोरीला लोंबकळू नये. तिच्यावरच्या चकत्या लाटा शमवण्यासाठी असतात. अशा दोऱ्या विकसित करण्यात ॲडॉल्फ कीफर या अमेरिकी जलतरणपटूचा मोठा वाटा होता. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १०० मी. बॅकस्ट्रोकचे सुवर्णपदक त्याचे होते. ताणलेली दोरी वजनाने सैल झाली की ती बाजूला वाहत जाते आणि शेजारच्यांची जागा खाते.

बाहेर पडणे : बॅच संपल्याची शिट्टी झाली तरी मार्गिका मध्येच आडवी कापू नये, हातातली फेरी पुरी करून भिंतीला यावे. शिडी पलीकडच्या कडेला असेल, तर भिंतीला धरून, प्रत्येक दोरीखालून जाण्याआधी थांबून, त्या मार्गिकेतला पोहणारा वळून गेल्यावरच पुढे सरकावे.