रस्ता लाल झालाय हे मोबाईलला कसं कळतं?

मॅपवर रस्ता लाल दिसला की अनेकांना वाटतं, उपग्रह वरून गाड्या मोजत असावा. प्रत्यक्षात उपग्रहाला तुमची गाडी दिसतही नाही. तो वेळेचा सिग्नल पाठवतो. किमान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की फोन स्वतःची जागा काढतो. मोकळ्या आकाशाखाली ती साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असते.

लोकेशन चालू असलेले फोन ही जागा आणि वेग निनावी स्वरूपात कंपनीकडे पाठवतात. गूगलने २००९ पासून अशा माहितीवर कोंडी दाखवायला सुरुवात केली.

हिशेब कसा होतो?

रस्ता मोकळा असतानाचा वेळ आणि आत्ताचा वेळ यांची तुलना होते. ३ किलोमीटरला ताशी ३० च्या वेगाने ६ मिनिटं लागतात. वेग १० वर आला की १८ मिनिटं, म्हणजे तिप्पट. याच पद्धतीच्या 'टॉमटॉम' निर्देशांकात २०२४ साली पुणे जगात चौथं होतं. तिथे १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होती.

नगरमध्ये कुठे चुकू शकतं?

अहिल्यानगरमध्ये सक्कर चौक ते जीपीओ चौक हा सुमारे ३ किलोमीटरचा उड्डाणपूल नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला. पुलावरची आणि खालची गाडी नकाशावर जवळपास एकाच बिंदूवर येते. त्यात जीपीएसची उंची आडव्या अंतराइतकी अचूक नसते. त्यामुळे खालची कोंडी पुलाच्या नावावर जाऊ शकते. अशा वेळी मोकळा पूल सोडून भलत्याच रस्त्याला वळलेल्या रुग्णवाहिकेची मोलाची मिनिटं जातात.

दुसरी अडचण गळीत हंगामाची. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर हळूच चालतो. रस्त्यावर फोन मोजकेच असतील, तर त्याचा वेगच रस्त्याचा वेग ठरण्याचा धोका असतो.

२०२० मध्ये बर्लिनच्या एका कलाकाराने हातगाडीत ९९ फोन ठेवून रिकामा रस्ता मॅपवर लाल करून दाखवला होता!

मग विश्वास ठेवायचा का?

ठेवा, पण मॅपचा लाल रंग फक्त वेग सांगतो, कारण नाही. सिग्नल बंद आहे, खड्डा आहे की रस्त्यातच गाड्या उभ्या आहेत, हे चौकात उभं राहूनच कळतं. म्हणून कोंडी सोडवायची तर मॅपसोबत प्रत्यक्ष वाहनगणनाही हवी.