१ जानेवारी, १२ मार्च, २० मार्च : शिष्यवृत्तीचा हिशेब कोण मागणार?

१९२७ सालातल्या दोन तारखा आपल्या वस्तीतल्या लहान पोरांनाही पाठ असतात. १ जानेवारीला बाबासाहेब भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला आले. २० मार्चला त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. या दोन्ही दिवसांची आपण कॅलेंडरं छापतो, गाड्या काढतो.

त्या दोन तारखांच्या मध्ये १२ मार्च येते. तिच्यासाठी कुणी गाडी काढत नाही. त्या दिवशी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. चवदार तळ्याला जेमतेम आठवडा उरला होता, आणि हा माणूस सभागृहात आणे-पैशांचा हिशेब मांडत होता. ते भाषण मी अलीकडे पुन्हा वाचलं, कारण कारेगावात घडलेल्या एका गोष्टीचं उत्तर मला सापडत नव्हतं.

पुण्याहून निघालं की भीमा कोरेगाव, शिक्रापूर, रांजणगाव आणि लगेच कारेगाव. सगळं एकाच रस्त्यावर. रांजणगाव एमआयडीसीमुळे इथे खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. मराठवाडा-विदर्भातून आलेली आपली कितीतरी कुटुंबं त्या दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. अशाच एका घरातली मुलगी बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील ठेकेदाराकडे, आई कॅन्टीनमध्ये. एक दिवस तिच्या खात्यावर अठरा हजारांच्या आसपास रक्कम जमा झाल्याचा मेसेज आला. घरात आनंद झाला. दोन महिन्यांचं थकलेलं खोलीभाडं दिलं, किराणा दुकानातली उधारी मिटवली, आईचा दात काढून घेतला. परीक्षा तोंडावर आली तेव्हा कॉलेजने हॉल तिकीट अडवलं. म्हणाले, तुझ्या खात्यावर आलेले पैसे आमची फी होती, ती भर.

मुलगी खोटं बोलली नव्हती, बापाने दारू प्यायली नव्हती. पैसे कशासाठी आले आहेत, हे त्या घराला कुणी सांगितलंच नव्हतं, एवढंच. आम्ही चार जणांनी मिळून तिची परीक्षा वाचवली. पण प्रश्न राहिला, चूक कोणाची?

आता १२ मार्च १९२७ कडे वळू. बाबासाहेब त्या भाषणात म्हणाले की प्राथमिक शाळेत जाणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकी ८२ पुन्हा निरक्षर होतात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करतं. लोकांकडून दारूवर जेवढं घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, अशी त्यांची मागणी होती. कला महाविद्यालयांचा ३६ टक्के खर्च फीमधून निघतो, हा आकडा दाखवून त्यांनी याला शिक्षणाचं व्यापारीकरण म्हटलं. हा शब्द आपण १९९१ नंतरचा समजतो. तो त्याच्या चौसष्ट वर्षं आधी सभागृहात उच्चारला गेला होता.

त्याच भाषणातला पुढचा मुद्दा मात्र आपल्याला टोचणारा आहे. अस्पृश्य मुलांना रोख शिष्यवृत्ती देण्याच्या पद्धतीला बाबासाहेबांनी सरळ विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की पालक इतके गरीब आहेत की ती रक्कम त्यांना घरखर्चाची मदत वाटते. मुलाच्या शिक्षणापर्यंत ती पोचत नाही. शिवाय मूल त्याच परिस्थितीत राहतं. म्हणून तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करा. कारेगावच्या त्या खोलीत घडलं ते बाबासाहेबांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं.

मग शिष्यवृत्ती नकोच का? घाई करू नका. आधी तिचा इतिहास नीट पाहू.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीला दोष दिला. ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच ती मिळते, स्पर्धेने वाटप करणं वरवर न्यायाचं दिसलं तरी बाकीच्या वर्गांत त्याने शिक्षण पसरत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षण न पोचलेल्या वर्गांसाठी राखा, असं त्यांनी मांडलं. आज जे लोक ‘मेरिट’ म्हणून ओरडतात त्यांना उत्तर १८८२ सालीच दिलेलं आहे. शाहू महाराजांनी १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केलं तेव्हा त्याच विचाराला चार भिंती आणि जेवणाचं ताट मिळालं.

बाबासाहेब स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना केळुसकर गुरुजींच्या खटपटीने सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना २५ रुपये मंजूर केले. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानशी करार केला. अमेरिकेतल्या शिक्षणासाठी तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड, आणि त्या बदल्यात संस्थानची दहा वर्षं नोकरी. म्हणजे आपल्या इतिहासातली सर्वांत मोठी शिष्यवृत्तीसुद्धा अटींचा कागद वाचून, सही करून घेतलेली होती. मुदत संपली तशी १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. कराराप्रमाणे ते बडोद्याला गेले, पण तिथे राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना काठ्यांच्या धाकाने बाहेर काढलं. कोलंबियाची पदवी मिळाली होती, डोक्यावर छप्पर मिळालं नाही. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचं कर्ज घेतलं, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आलं. ज्याने हे सगळं भोगलं त्याने १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सोलापुरात वसतिगृह काढलं आणि १९२७ मध्ये सभागृहात वसतिगृहं मागितली, यात नवल ते काय?

१९४२ मध्ये ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री झाले. २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मागितले. बनारस आणि अलिगढ विद्यापीठांना सरकार तेवढंच अनुदान देत होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण जिला ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतो ती हीच. १९२७ चं भाषण आणि १९४२ चं निवेदन यांत विसंगती नाही. शाळकरी मुलाच्या घरी जाणारे थोडे रुपये त्याला चौथीच्या पुढे नेत नव्हते. कॉलेजच्या मुलाला मात्र फी भरल्याशिवाय दारच उघडत नव्हतं. दोन्ही वेळी त्यांचा प्रश्न एकच होता: पैसा मुलाच्या शिक्षणापर्यंत पोचतो का?

आपल्या लोकांना याची आणखी एक किंमत मोजावी लागली. १९५६ ला धम्म स्वीकारल्यावर बौद्धांच्या केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० उजाडलं. धर्म बदलला तरी गरिबी आणि जात दोन्ही जागेवर होत्या, हे दिल्लीला समजायला चौतीस वर्षं लागली.

आता आजचा हिशेब. २०२० च्या डिसेंबरमध्ये केंद्राने या योजनेचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा ठरवला. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यातली फीची रक्कम त्याने सात दिवसांत कॉलेजात भरायची. बाकीचा निर्वाह भत्ता त्याचा. मधले दलाल गेले हे चांगलं झालं. पण पैसा पुन्हा त्या दहा बाय दहाच्या खोलीत येऊन पडला. १९२७ ची अडचण नव्या यंत्रावर परत आली.

आणि भत्ता किती? घरून जाऊन-येऊन बी.ए., बी.कॉम. करणाऱ्याला वर्षाला ३,००० रुपये. म्हणजे महिना २५०. एल्फिन्स्टनमध्ये भीमरावांना महिना २५ रुपये मिळत होते. त्या काळच्या २५ रुपयांत काय यायचं आणि आज २५० रुपयांत कारेगाव ते शिरूर किती दिवस जाता येतं, हे ज्याने त्याने खिशात हात घालून पाहावं. उत्पन्नाची मर्यादा २०१३ पासून अडीच लाखांवर थांबली आहे. नवरा-बायको दोघांना एमआयडीसीत महिना अकरा-अकरा हजार मिळाले तर वर्षाचे २,६४,००० होतात. फ्रीशिपने फी वाचते, पण निर्वाह भत्ता गेला. कागदोपत्री हे कुटुंब गरीब राहत नाही.

परदेशी शिक्षणाचं पाहा. २०२२ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. या नियमाखाली त्या विषयाला पैसा मिळाला नसता. आणि रोहित वेमुला आठवा. शेवटच्या पत्रातही त्याला आपली सात महिन्यांची थकलेली फेलोशिप, पावणेदोन लाख रुपये, घरच्यांना द्या असं लिहावं लागलं. थकलेल्या रकमेला आपण ‘प्रशासकीय विलंब’ म्हणत राहिलो, तर आपण त्या पत्रातून काही शिकलो नाही.

मग करायचं काय? घोषणा देऊच. पण त्याआधी प्रत्येक विहारात जून महिन्यात एक रविवार शिष्यवृत्तीच्या हिशेबाला द्या. मुलगा आणि आई-बाप दोघांना समोर बसवा. फॉर्म भरताना मंजूर रकमेत शिक्षण शुल्क किती, परीक्षा शुल्क किती, निर्वाह भत्ता किती, हे वहीत लिहून घ्या. खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे पैसे येण्याआधी तपासा. फीचा हिस्सा आला की सात दिवसांत भरा, पावती घ्या, पावतीचा फोटो काढा. प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागितली तर फ्रीशिप कार्डाची तरतूद २०२१ च्या सूचनांत आहे, ती दाखवा. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करा. पुण्यासारख्या शहरात त्यात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. हप्ता रखडला तर मोबाइलच्या कर्ज ॲपकडे जाऊ नका. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज समाजकल्याण कार्यालयात टाका आणि फाइल कुठे अडली ते लेखी विचारा.

हे फक्त वैयक्तिक शहाणपण समजू नका. घरातल्या वहीत हिशेब असेल तरच मोर्चात हिशेब मागता येतो. आपल्या मागण्याही त्याच वहीतून निघाल्या पाहिजेत: निर्वाह भत्ता महागाईशी जोडा, उत्पन्नाची मर्यादा वाढवा, हप्ता वर्ष संपायच्या आत द्या, आणि रांजणगावसारख्या औद्योगिक पट्ट्यात मुलामुलींची शासकीय वसतिगृहं बांधा. शेवटची मागणी तर बाबासाहेबांनी १९२७ मध्येच करून ठेवली आहे.

त्या मुलीने आता एक वही केली आहे. पहिल्या पानावर तिने तिसऱ्या वर्षाची फी तीन रकान्यांत मांडली आहे. वडील सही करण्याआधी रकाने वाचून घेतात. येत्या १ जानेवारीला आपण याच रस्त्याने विजयस्तंभाकडे जाऊ, तेव्हा सोबतच्या कॉलेजच्या मुलांना एवढंच विचारा: यंदाचा हप्ता आला का, आणि त्यातली फी किती?

जय भीम!